नायगारा सोडून सारे काही

परदेशी जाऊन आलेल्या मनुष्यास आपल्या समाजात जे प्रश्न विचारले जातात त्यांत नायगाऱ्याच्या प्रश्नास मानाचे पान असते, हे ज्यांची मुलेबाळे अमेरिकेत स्थायिक झाली आहेत अशा माझ्या पिढीतील निवृत्तिवेतनधारकांस निराळे सांगावयास नको. प्रकृती मानवली काय, जेवणाचे हाल झाले काय, नातवंडे मराठी बोलतात काय, हे सारे शिष्टाचारापुरते, "नायगारा पाहिलात ना?" या एका पृच्छेच्या उत्तरावर प्रवाशाची सारी पत अवलंबून असते, आणि ते उत्तर नकारार्थी निघाले म्हणजे विचारणाऱ्याच्या मुद्रेवर जी करुणा दाटून येते ती पाहण्यापेक्षा तो धबधबा डोक्यावर घेतलेला पुरवला.

वास्तविक आम्हास हा प्रश्न अवघड जाण्याचे कारण नव्हते. आमची कन्या ओहायो राज्यातील क्लीव्हलँड नगरीत राहते, आणि ईरी सरोवराच्या दक्षिण तीरावरील त्या नगरीपासून नायगारा मोटारीने साडेतीन-चार तासांवर आहे. परंतु त्या मोटारीचे चाक आमच्या जावयांच्या हाती होते. जावई सुस्वभावी, उद्योगी आणि निर्व्यसनी आहेत असे लग्नाच्या वेळी मध्यस्थांनी सांगितले होते व ते बव्हंशी खरेही आहे. मात्र जे स्थळ पाहावयास दुसरे कोणी जात नाही ते पाहिल्यावाचून त्यांस अन्न गोड लागत नाही, ही गोष्ट पत्रिकेत कोठेच निघाली नव्हती.

"बाबा, नायगाऱ्याला काय, सगळेच जातात," ते पहिल्याच शनिवारी म्हणाले. "पाणी वरून खाली पडतं, एवढंच. तुम्हांला मी खरं क्लीव्हलँड दाखवतो."

ज्या पूर्वजांनी जावयास दहावा ग्रह म्हटले त्यांनी त्याची शांती मात्र कोठेच सांगून ठेवलेली नाही. हयातभर जिल्हा कचेरीत कारकुनी करून अव्वल कारकुनाच्या खुर्चीवरून निवृत्त झाल्यामुळे, वरिष्ठांचा हुकूम अनाकलनीय असला तरी त्याची तामिली बिनतक्रार करण्याची सवय माझ्या हाडीमासी खिळलेली, आणि तशात सौभाग्यवतींनी "जावईबापू म्हणतील तसं" असे बोलून टाकलेले. तेव्हा नायगाऱ्याचे प्रकरण पुढील शनिवारपर्यंत तहकूब झाले. ते दर शनिवारी असेच तहकूब होत गेले.

आरंभ सरोवरापासून झाला. ज्या गृहस्थाने १७९६ मध्ये येथे येऊन या नगराची आखणी करविली ते मोझेस क्लीव्हलँड त्याच वर्षी आपल्या गावी परतले ते पुन्हा जन्मात इकडे फिरकले नाहीत. आणि सरोवराकडे सुटलेल्या वाऱ्याने माझी माकडटोपी उचलून कॅनडाच्या दिशेने रवाना केली तेव्हा त्या संस्थापकाच्या दूरदृष्टीविषयी माझ्या मनात नितांत आदर उत्पन्न झाला. सौभाग्यवतींस हे तळे आहे हेच मुळी पटेना. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा फुटतात, जहाजे चालतात आणि पाणी मात्र गोडे, यात काहीतरी लबाडी आहे असे त्यांचे मत पडले. जावई प्रसन्न होते. त्यांनी आम्हास काठावर उभे केले आणि पायांखाली बोट दाखविले.

"इथे तळ्याच्या पोटात सुमारे १,८०० फूट खोल मिठाची खाण आहे, बाबा. हिवाळ्यात रस्त्यांवर टाकतात ते मीठ याच खाणीतलं."

"पाहता येते काय?"

"छे! आत कोणालाच सोडत नाहीत," असे मोठ्या अभिमानाने सांगून त्यांनी आम्हा उभयतांचे त्या न दिसणाऱ्या खाणीसमवेत छायाचित्र घेतले.

दुसरा मान कायाहोगा नदीचा. ही नदी वळणावळणांनी नगरातून वाहत येऊन सरोवरास मिळते, आणि तिची जगभर कीर्ती झाली ती ती पेटली म्हणून. लोखंड, पोलाद, रंग आणि खनिज तेल यांच्या कारखान्यांनी आपापला मळ तिच्या स्वाधीन केल्यामुळे १८६८ पासून ती किमान तेरा वेळा पेटली असे सांगतात. २२ जून १९६९ रोजी लागलेली आग अर्ध्या तासात आटोक्यात आली, रेल्वेच्या पुलांचे मिळून सुमारे ५०,००० डॉलरचे नुकसान झाले, आणि नदीने पेट घेणे ही त्या काळी इतकी नित्याची बाब होती की त्या आगीचे छायाचित्र घेण्याचे श्रमसुद्धा कोणी घेतलेले दिसत नाहीत. पुढे 'टाइम' साप्ताहिकास ती वार्ता छापण्याची वेळ आली तेव्हा १९५२ सालच्या, याहून कितीतरी भव्य अशा आगीचे चित्र छापून त्यांनी निभावून नेले. त्या भलत्याच चित्राने अमेरिकेची झोप मोडली आणि १९७२ साली जलशुद्धीचा मोठा कायदा झाला. आपल्याकडे नदी पेटली असती तर सदरहू नदी आमच्या हद्दीत येत नाही असा दाखला नगरपालिकेने आग विझण्यापूर्वीच मिळविला असता. येथे मात्र एका मद्यशाळेने 'बर्निंग रिव्हर' याच नावाची बिअर काढली, आणि लोक ती मिटक्या मारीत पितात.

काठावर एक वृद्ध गळ टाकून बसला होता. "आग कुठे लागली होती?" असे जावयांनी त्यास विचारताच त्याने आम्हा सर्वांकडे एकवार निरखून पाहिले.

"पन्नास वर्षं उशीर केलात," तो म्हणाला. "आता नुसते मासे मिळतात."

त्याच्या स्वरातला विषाद मला जाणवल्यावाचून राहिला नाही. नदी स्वच्छ झाली, २०१९ पासून तर तिच्यातील मासे खाण्यासही सरकारने मोकळीक दिली, आणि पाहुण्यांस दाखविण्याजोगे एक स्थळ मात्र कायमचे हातचे गेले. सौभाग्यवतींनी ही अडचण थोडक्यात मांडली: "जळत नाही, तर पाहायचं काय?" त्यांचे समाधान व्हावे म्हणून जावयांनी १९७२ सालची दुसरी हकीकत सांगितली. धातुशास्त्रज्ञांच्या एका संमेलनाचे उद्घाटन करताना येथील महापौर राल्फ पर्क यांनी कात्रीऐवजी वेल्डिंगच्या ज्योतीने धातूची फीत कापण्याचे योजिले. ठिणग्या उडाल्या, आणि फितीच्या जोडीने महापौरांच्या केसांनीही पेट घेतला. महापौर बचावले. ही कथा सांगताना जावयांच्या मुद्रेवर जे तेज होते ते मी त्यांच्या लग्नातही पाहिलेले नाही.

तेथून पुढे जावयाचे तर पूल वर उचललेला. खनिज घेऊन पोलादाच्या कारखान्याकडे जाणारी सहाशे फूट लांबीची जहाजे त्या चिंचोळ्या, वाकड्या पात्रातून कूर्मगतीने वळत जातात, आणि ती जाईपर्यंत दोन्ही काठांवरील मोटारींस खोळंबून राहावे लागते. थरमासातला चहा संपला, नातवाची भूक जागी झाली, कन्येच्या कपाळास आठी पडली, तरी जहाज अजून मध्यावरच होते. "किती दुर्मीळ दृश्य आहे!" जावई म्हणाले. आमच्या मागे मोटारींची जी रांग उभी होती तिच्यातील कोणाचेही हे मत असावे असे त्यांच्या भोंग्यांवरून वाटले नाही.

ज्या पुलावर १९३२ सालापासून 'वाहतुकीचे रक्षक' म्हणविणाऱ्या पाषाणमूर्ती उभ्या आहेत तो मात्र मला मनापासून आवडला. चार स्तंभांवर पाठीस पाठ लावून उभे असलेले हे आठ पुरुष, प्रत्येकी ४३ फूट उंचीचे. आणि मारुतीने द्रोणागिरी धरावा तसे प्रत्येकाने हातात एकेक वाहन धरलेले, कोणी गवताची गाडी, कोणी घोड्यांची बग्गी, कोणी मालमोटार. १९७० नंतरच्या दशकात रस्तारुंदीसाठी यांस हटविण्याचा घाट तेथील एका अभियंत्याने घातला होता, पण नागरिकांनी तो हाणून पाडला. आणि आता येथील बेसबॉलच्या संघाने, २०२२ च्या हंगामापासून, यांचेच नाव धारण केले आहे. सौभाग्यवतींनी मोटारीतूनच हात जोडले. मीही जोडले, अमेरिकेतील मोटारींचा वेग पाहता या दैवताचे प्रयोजन स्वयंस्पष्ट आहे.

भर रस्त्यावर टांगलेले वीस फूट उंचीचे झुंबर पाहिले. ते सर्व ऋतूंत उघड्यावर असते, आणि त्याखाली उभे राहून वर पाहणाऱ्यांची मान आखडते, एवढे त्याच्याविषयी सांगणे पुरे. सार्वजनिक ग्रंथालयात बुद्धिबळावरील जगातील सर्वात मोठा ग्रंथसंग्रह आहे तोही पाहिला. म्हणजे त्या खोलीच्या शांततेत नातवाने चिवड्याची पिशवी उघडली आणि तिच्या आवाजाने सर्व मस्तके एकदम आमच्याकडे वळली, तेवढ्यावर आटोपते घेतले.

कलासंग्रहालयास प्रवेशमूल्य नाही हे ऐकून सौभाग्यवती प्रथमच खुलल्या. परंतु द्वाराशीच रोदाँ या विख्यात शिल्पकाराचा 'विचारवंत' बसला होता आणि त्यास पाय नव्हते. २४ मार्च १९७० च्या मध्यरात्री कोणी अज्ञाताने याच्या बुडाखाली सुरुंग उडविला. करणारा सापडला नाही, आणि दुरुस्ती न करता, पाय गमावलेल्या व पत्रे फाटलेल्या अवस्थेतच त्यास पुन्हा चौथऱ्यावर बसविण्याचे संग्रहालयाने ठरविले. म्हणजे जो पुतळा जगात अनेक ठिकाणी धडधाकट मिळतो तो मोडका पाहण्यासाठी लोक येथे येतात. "एवढा स्फोट झाला तरी विचार चालूच?" सौभाग्यवती उद्गारल्या, आणि माझ्याकडे ज्या दृष्टीने त्यांनी पाहिले तिचा रोख घरातील कोणत्या व्यक्तीवर होता हे सांगण्याची निकड मला वाटत नाही. आत चोलकालीन नटराज होता. त्याच्यासमोर त्यांनी पायांतील बूट काढले, डोळे मिटले, आणि त्या डोळे उघडीपर्यंत एक पहारेकरी बूट हातात घेऊन अदबीने बाजूस उभा राहिला. त्या प्रवासातील हे एकच स्थळ त्यांनी पुढे आपण होऊन चार जणींस सांगितले.

आणि मग स्मशान. 'लेक व्ह्यू' नावाची जी विस्तीर्ण दफनभूमी १८६९ पासून तेथे आहे तिच्यात जावई आम्हास जेवणाच्या डब्यांसह सहलीस घेऊन गेले. वृक्षराजी रम्य, हिरवळ मखमली, आणि इतर पर्यटकही हाती नकाशे घेऊन हिंडत होते, हे सर्व मान्य. परंतु थालीपीठ काढावयाचे कोठे, हा प्रश्न उरतोच. राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या भव्य स्मारकाच्या तळघरात त्यांची शवपेटी कोणासही पाहता येते असे कळताच सौभाग्यवतींनी डब्याचे झाकण जे दाबून बसविले ते अखेरपर्यंत उघडू दिले नाही. एका थडग्यावर पंख पसरलेला कांस्याचा देवदूत बसला आहे. पाऊसवाऱ्याने धातूवर काळे ओघळ उतरून त्याच्या डोळ्यांतून अश्रू वाहताहेत असे भासते, आणि त्याच्या शेजारी हसत छायाचित्र काढून घेण्याची तेथे प्रथा आहे. आम्हीही हसलो. उपाशीपोटी जितके हसता येते तितके.

सर्वात गर्दी जॉन रॉकफेलर यांच्या स्तंभाजवळ होती. ज्यांनी १८७० साली याच नगरात स्टँडर्ड ऑइल कंपनी स्थापून अमेरिकेतील खनिज तेलाचा व्यापार मुठीत घेतला, ते हे कुबेर उतारवयात भेटेल त्याच्या हातावर दहा सेंटांचे नाणे ठेवीत असत, म्हणून लोक आता त्यांच्या समाधीवर नाणी ठेवून जातात.

"एवढा श्रीमंत माणूस, आणि लोक यालाच पैसे देतात?" सौभाग्यवतींनी विचारले.

"आपल्या संपत्तीत भर पडावी म्हणून, आई."

"कोणाच्या?"

यावर जावई निरुत्तर झाले. माझ्या खिशात नेमके पंचवीस सेंटांचे नाणे निघाले. ते ठेवून वरचे पंधरा सेंट सुटे उचलावेत काय, असा विचार क्षणभर मनात येऊन गेला. पण हिशेबात ज्याच्यापुढे भल्याभल्यांनी हात टेकले त्याच्याशी, तीही अशा स्थळी, घासाघीस करण्याचे धैर्य मला झाले नाही. घरी परतल्यावर, स्मशानातून आलेल्या कोणीही स्नानाशिवाय उंबरठा ओलांडावयाचा नाही, असा हुकूम सुटला. ज्येष्ठतेच्या क्रमाने स्नाने झाली, तेव्हा जावयांच्या वाट्यास आले ते निव्वळ गार पाणी. आणि तो एक शनिवार मला सर्वांत सफल वाटला.

एका जुन्या मोहल्ल्यात १९८३ सालच्या 'अ ख्रिसमस स्टोरी' या चित्रपटातील घर आहे. चित्रपटाचे कथानक इंडियाना राज्यातले, घर ओहायोतले; एका चाहत्याने ते २००४ मध्ये ईबेवर दीड लाख डॉलरांस विकत घेतले, पडद्यावर दिसते तसे सजविले आणि लोकांस दाखवावयास काढले. या घराचे कुलदैवत म्हणजे खिडकीत उभा असलेला एक दिवा: जाळीदार मोजा आणि उंच टाचेचा जोडा घातलेला स्त्रीचा एक पाय, वर झालरीची छत्री.

"बाकीची बाई कुठे आहे?" सौभाग्यवतींनी दबल्या स्वरात विचारले.

घरातील सर्व वस्तूंस हात लावण्याची मुभा आहे, इतकेच नव्हे तर चित्रपटातील धाकटा मुलगा ज्या मोरीखालच्या कपाटात लपतो त्यात शिरून बसावयासही परवानगी आहे. नातू शिरला, मग जावई शिरले, आणि नातू बाहेर आला. जावयांस काढण्यास दोन अनोळखी गृहस्थांनी साहाय्य केले. या उपकाराची फेड म्हणून की काय, त्यांनी तेथील दुकानातून तसल्याच दिव्याची एक लहान प्रतिकृती सासूबाईंस अहेर म्हणून घेतली. परतीच्या वाटेवर आमच्या सामानाची झडती झाली तेव्हा लोणच्याच्या रिकाम्या बरण्या आणि स्वेटर यांच्यामधून तो पाय बाहेर आला, आणि कागद रंगविणारा तरुण अधिकारी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून "असू द्या, काका" एवढेच म्हणाला. तो अहेर सध्या आमच्या माळ्यावर, पितळी समयांच्या मागे, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला आहे.

नायगाऱ्याचे काय झाले, असे वाचक विचारतील. कन्येने अखेर आवाज चढविला आणि एका शनिवारी आम्ही खरोखरीच त्या दिशेने निघालो. दुर्दैवाने वाटेत बफेलो लागते, आणि तेथे जुनी धान्याची कोठारे आहेत. जहाजांतील धान्य वाफेच्या बळावर उपसून उंच कोठारांत भरण्याची युक्ती १८४२ मध्ये जोसेफ डार्ट याने याच गावी प्रथम अंमलात आणली. पुढे सिमेंटची जी प्रचंड रिकामी नळकांडी नदीकाठी उरली त्यांत नुसते "हो" म्हटले तरी त्याचा घोष घुमत राहतो. जावई त्यांत शिरून "हो" म्हणत राहिले. सूर्य मावळला, पाऊस लागला, नातवास ताप भरला, आणि धबधब्यापासून अर्ध्या तासाच्या अंतरावरून आम्ही माघारी वळलो.

निघावयाच्या दिवशी सामान मोटारीत चढल्यावर जावई म्हणाले, "विमानाला वेळ आहे. एक शेवटची गोष्ट राहिली." सौभाग्यवतींनी डोळे मिटून घेतले. मोटार थांबली ती तेथील नगरपालिकेच्या इमारतीलगतच्या बागेत, आणि समोर जे दिसले ते पाहून माझा हात नकळत छातीशी गेला. हिरवळीवर एक रबरी शिक्का आडवा पडला होता. सुमारे ४९ फूट लांब, २८ फुटांहून अधिक उंच, लालभडक. आणि त्याच्या तळव्यावर शिक्क्यावर असावीत तशी उलटी अक्षरे. उलटी अक्षरे सरळ वाचण्यात आयुष्य गेलेल्या मला ती वाचावयास क्षणही लागला नाही. "फ्री," मी म्हणालो. जावयांस ते वाचावयास नेहमी मान वाकडी करावी लागे. त्यांच्या डोळ्यांत माझ्याविषयी आदर मी तेव्हा प्रथम पाहिला.

या शिक्क्याची कैफियत ऐकून तर मला गहिवरून आले. क्लास ओल्डनबर्ग आणि कोशे व्हॅन ब्रुगेन या कलावंत दांपत्याकडून तो ओहायोच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीने १९८० नंतरच्या दशकात आपल्या नव्या मुख्यालयासमोर उभा करण्यासाठी बनवून घेतला. काम चालू असतानाच कंपनीचा कारभार ब्रिटिश पेट्रोलियमच्या हाती गेला. नव्या साहेबांस जुन्या साहेबांची तजवीज पसंत पडली नाही, आणि शिक्का शेजारच्या राज्यातील गुदामात रवाना झाला. काही वर्षांनी तो नगरास बक्षीस देण्यात आला, तेव्हा नवी जागा पाहून कलावंतांनी त्यास उभा न करता असा आडवा पाडला, जणू कोणी चिडून मुख्यालयाच्या खिडकीतून भिरकावून द्यावा. १९९१ साली तो येथे स्थानापन्न झाला. मंजुरी, साहेबांची बदली, शेरा, गुदाम, आणि शेवटी भलत्याच खात्याच्या आवारात आडवे पडणे! सबंध कारकिर्दीत माझ्या टेबलावरून जी प्रकरणे गेली त्यांतील बहुतेकांचा हाच मार्ग होता. फरक इतकाच, की त्यांपैकी एकाचेही कोणी स्मारक केले नाही.

"स्टँप-पॅड कुठे आहे?" मी विचारले. जावयांस हा प्रश्न आजवर सुचला नव्हता.

मी शिक्क्याच्या मुठीस हात लावून पाहिला. "अहो, पुरे आता, निवृत्त झालात," असे सौभाग्यवती मोटारीतून म्हणाल्या, आणि एका शाळकरी मुलीने आमचे छायाचित्र काढले, त्यात शिक्का पूर्ण आला असून आम्ही गुडघ्यांखाली कापले गेलो आहोत.

क्लीव्हलँडला जाणाऱ्या मराठी वाचकांपैकी ज्यांनी सरकारी कचेरीत एखाद्या दाखल्यासाठी हेलपाटे घातले असतील त्यांनी तो शिक्का अवश्य पाहून यावा. त्यास तिकीट नाही, अर्ज करावा लागत नाही, तो कपाटात कुलूपबंद नसतो, त्यास बाळगणारे साहेब दौऱ्यावर गेलेले नसतात, आणि मधल्या सुट्टीतही तो जागेवरच असतो.